विहिरीत कंदील जळत होता

आमच्याकडे विहिरीत उतरायच्या आधी कंदील सोडतात. दोराला बांधायचा आणि हळूहळू पाण्यापर्यंत न्यायचा. विझला तर खाली गॅस आहे, उतरायचं नाही. जळत राहिला तर हवा बराबर. हे मला आजोबांनी सांगितलं होतं, आजोबांना त्यांच्या बापाने. दादाने त्या दिवशी तेच केलं. कंदील जळत होता, म्हणून दादा उतरला.

मी मोटरपंपाचा मिस्त्री. यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यात, डांबरी रस्त्याच्या कडेला टिनाचं दुकान. मोटर रिवाइंडिंग, इंजिनाची कामं, फवारणीचे पंप, हंगामात थ्रेशर. लिहायची सवय नाही. पण मागच्या आठवड्यात एक ओळखीचा कास्तकार दुकानावर आला आणि म्हणाला, इंजिन विहिरीत उतरवून दे. मी नाही म्हटलं. तो चिडला, "तू मिस्त्री होय का डॉक्टर होय बे?" म्हणून गेला. त्याला जे नीट सांगता आलं नाही ते इथे लिहितो.

२०१२ चा फेब्रुवारी संपत आला होता. गव्हाला शेवटचं पाणी राहिलं होतं. थ्री फेजची लाइन त्या आठवड्यात रात्रीची, आणि तीही दर अर्ध्या तासाने जाणारी. विहिरीचं पाणी गेलं चाळीस फुटांवर. आता वर ठेवलेला पंप पाणी ओढून ओढून किती ओढेल? पुस्तकात तेहतीस-चौतीस फूट असतं, खरं म्हणाल तर पंचवीसच्या पुढे तो नुसता खोकतो. मग आमच्याकडे एकच इलाज. पेट्रोलवर चालू करून रॉकेलवर चालवायचं छोटं इंजिन घ्यायचं, दोन माणसांना उचलतं, आणि विहिरीच्या आतल्या टप्प्यावर फळ्या टाकून तिथे मांडायचं. पाणी दहा-बारा फुटांवर येतं, पंप झकास ओढतो.

ते इंजिन माझं होतं. भाड्याने देत होतो. उतरवलंही मीच, फळ्यांना तार मी बांधली, किक मी मारली.

सकाळी सातला सुरू केलेलं इंजिन साडेदहाच्या सुमारास बंद पडलं. आमचा सालदार गणपत पाहायला उतरला. दादा वर बांधावर होता. थोड्या वेळाने त्याने वाकून हाक मारली, तर गणपत फळीवर बसलेला, पाठ दगडाला टेकवून. दादाला वाटलं, बिडी ओढतो आहे. पुन्हा हाक मारली. गणपत हलला नाही.

दादा घाई करणारा माणूस नव्हता. हे मला मुद्दाम लिहायचं आहे, कारण नंतर लोक म्हणाले की धावत उतरला असेल. तो खोपडीत गेला, रात्रीच्या ओलितासाठी ठेवलेला कंदील पेटवला, दोराला बांधून खाली सोडला. कंदील गणपतच्या बाजूला जाऊन थांबला आणि जळत राहिला.

मी पोचलो तेव्हा दोघंही खाली होते. दादा फळीवर आडवा. गणपत घसरून तोंडाने पाण्यात. मी एक पाय गजावर टाकला होता, तेवढ्यात मागून शर्टाची कॉलर कुणीतरी एवढ्या जोरात ओढली की दोन बटणं तुटली. बाजूच्या वावरात हरभरा सोंगायला आलेली सरजामावशी. साठीच्या पुढची बाई.

"थांब बे पोट्ट्या! दोन गेले ना, तिसरा कायले जातो मराले? दोर आण आधी!"

दोर आला, माणसं आली, दोर माझ्या काखेखालून बांधला. कुणीतरी तोंडाला ओला दुपट्टा बांधून दिला. तो दुपट्टा कवडीच्या कामाचा नव्हता हे मला पुढे कळलं. त्या गॅसला फडकं आणि हवा सारखीच. मी उतरलो, दादाच्या अंगाला दुसरा दोर गुंतवला आणि वर ओढा म्हणून हिसका दिला. खाली काहीच वास नव्हता. थोडा रॉकेलचा, तो तर माझ्या अंगालाही येतो. गुदमरल्यासारखं तर अजिबात वाटलं नाही. वर आल्यावर डोकं असं ठणकायला लागलं की दोन दिवस उतरलं नाही. तेवढ्या वेळात मीही तिथेच बसलो असतो, यात मला शंका नाही.

गणपतला बाजेवर काढलं. त्याचा चेहरा पांढरा पडला नव्हता, उलट तांबूस, उन्हातून आल्यासारखा. त्याची बायको म्हणत होती, "झोपलेच तं दिसते, उठवा ना." तो गेला होता.

दादाचा श्वास चालू होता.

१०८ ची गाडी महाराष्ट्रात २०१४ ला आली, तेव्हा नव्हती. एका ओळखीच्याच्या कमांडर जीपमध्ये टाकून नेलं. पहिल्या दवाखान्यात बोटाला ती चिमटीसारखी मशीन लावली. आकडा आला ९८. "ऑक्सिजन बराबर आहे, काळजी नका करू," म्हणाले, सलाईन लावलं आणि दुसऱ्या पेशंटकडे गेले. ९८ पाहून मलाही बरं वाटलं होतं. दुपारी तिथून मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी नाडी पाहायच्या आधी विचारलं, "इंजिन विहिरीच्या आत होतं की बाहेर?" आत म्हटल्याबरोबर त्यांनी नाक-तोंड झाकणारा घट्ट मास्क लावून ऑक्सिजन पूर्ण सोडायला सांगितला. मी म्हटलं, मॅडम, मशीनवर तर ९८ आहे. त्या म्हणाल्या, "ती मशीन फसते."

मला मशिनीची भाषा लवकर कळते, म्हणून त्यांनी मला तशीच सांगितली. रक्तातलं हिमोग्लोबिन म्हणजे बंडी समजा, ऑक्सिजन भरून न्यायची. इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड त्या बंडीत आधी चढून बसतो, ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट अधिक घट्ट धरून. बोटाची मशीन रक्ताचा रंग पाहते. बंडी भरलेली आहे एवढंच तिला दिसतं. आत गहू आहे की माती, ते तिला कळत नाही. साध्या हवेत हा गॅस रक्तातून अर्धा उतरायला चार-पाच तास लागतात. निव्वळ ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास. सकाळपासूनचे ते तास ९८ आकड्यात गेले होते.

कंदिलाचंही त्यांनीच सांगितलं. कुजलेला पाला, गाळ, बरेच दिवस बंद असलेली विहीर, तिथे कार्बन डायऑक्साइड साचतो, तो हवेपेक्षा जड, ऑक्सिजन कमी होतो आणि ज्योत विझते. आजोबांच्या काळात विहिरीत इंजिन नव्हतं, तेव्हा कंदिलाचं म्हणणं बरंचसं खरं होतं. पण माणूस मारायला कार्बन मोनॉक्साइड इतका थोडा लागतो की ज्योतीला त्याचा पत्ताही लागत नाही.

मी विचारलं, मग गणपत ओरडला का नाही? जीव घाबरून वर का नाही चढला? या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हापासून शंभर लोकांना तरी सांगितलं असेल. आपल्याला जीव गुदमरल्यासारखा वाटतो तो ऑक्सिजन कमी झाल्याने नाही, तर शरीरातला कार्बन डायऑक्साइड बाहेर न गेल्याने. तोंड दाबलं, पाण्यात बुडालं, की तो साचतो आणि माणूस धडपडतो. इथे श्वास आत-बाहेर नीट चालू असतो. मेंदूला ऑक्सिजन मिळत नाही, पण ओरडणारी घंटाच वाजत नाही. पाय जड होतात, जरा बसावंसं वाटतं. माणूस बसतो.

आणि मेंदूकडे साठा नाही. वजन म्हणाल तर शरीराच्या शंभरात दोन भाग, पण ऑक्सिजन खातो पाचवा हिस्सा. मोटरसायकलला रिझर्व्ह असतो, याला तेवढाही नाही. रक्त पूर्ण थांबलं तर दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध जाते आणि चार-पाच मिनिटांपासून पेशी मरायला लागतात. गव्हाला पाणी देता देता चार मिनिटं म्हणजे किती? एक सरीसुद्धा भरत नाही.

दादा चौथ्या दिवशी बोलायला लागला. नवव्या दिवशी घरी आला. गावाने नारळ फोडले. इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, पुढची फार कुणी विचारत नाही.

वीस दिवस तो अगदी पहिल्यासारखा होता. दुकानावर येऊन बसला, एका गिऱ्हाइकाशी भावावरून भांडलासुद्धा. एकविसाव्या का बाविसाव्या दिवशी सकाळी तो बशीत चहा ओतत होता. बशी भरली, चहा सांडायला लागला, धोतरावर आला. तो ओततच राहिला. शांतपणे बशीकडे पाहत. वहिनी ओरडली तेव्हा कप रिकामा झाला होता. त्याच दिवशी त्याने फुटव्हॉल्व्ह उलटा बसवला, जो त्याने झोपेतही बसवला असता. मग चालणं बदललं, बारीक बारीक पावलं, जमिनीला चिकटल्यासारखी. चेहऱ्यावर हसू ना राग. रात्री अंथरुणात लघवी व्हायला लागली.

गाव म्हणालं, पाण्यातल्या आसरा लागल्या. विहीर झोंबली. एका जाणत्याने काळा कोंबडा आणि सव्वा किलो तांदूळ मागितले. आईने दिले. मी अडवलं नाही. खरं सांगतो, मलाही तेव्हा तेच वाटलं होतं. बरा झालेला माणूस तीन आठवड्यांनी आपोआप असा होईलच कसा?

पुन्हा डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांना नवल वाटलं नाही. या गॅसनंतर काही लोकांचं असं होतं, म्हणाल्या, माणूस शुद्धीवर येतो, दोन दिवसांपासून चाळीस दिवसांपर्यंत बरा राहतो, आणि मग मेंदू बिघडतो. फोटोत मेंदूच्या आत दोन्ही बाजूंना सारखेच दोन डाग दिसत होते. जळालेली कॉइल मी रोज पाहतो. ते डाग मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

वर्षभरात पुष्कळ सुधारलं. चालणं बरं झालं, अंथरुणाचं थांबलं. आठवण मात्र गेली ती बरीचशी गेलीच. जुनं सगळं आहे, १९९६ सालचा पऱ्हाटीचा भाव आहे. सकाळी काय खाल्लं ते नाही.

मोठ्या दवाखान्यात दादाच्या बाजूच्या खाटेवर बारा-तेरा वर्षांची एक मुलगी होती. तिची गोष्ट इथे येते, कारण दादाकडे पाहताना मला कायम ती आठवते. खाली झोपली होती, पहाटे पोट दुखतं म्हणून उठली, पापण्या मिटायला लागल्या, आवाज बसला. मण्यार. चावल्याची खूण नाही, सूज नाही, मण्यारचं असंच असतं. त्या विषाने श्वास घेणारे स्नायूच ढिले पडतात. गावाजवळच्या दवाखान्यात तिचा श्वास थांबत आला, तिथल्या डॉक्टरने नळी टाकली आणि तिच्या मामाच्या हातात रबरी फुगा दिला. गाडीत पन्नास किलोमीटर मामा तो फुगा दाबत आला. एक, दोन, तीन, दाब. एक, दोन, तीन, दाब. तिच्या छातीला स्वतःचा श्वास असा उरलाच नव्हता. दोन-तीन दिवस मशीनवर होती, औषध चाललं, आणि आठव्या-नवव्या दिवशी पोरगी चालत घरी गेली. जाताना मामाला म्हणाली, "मामा, तुमी मधी सातपर्यंत मोजलं होतं, मी ऐकत होती." तिला सगळं ऐकू येत होतं, फक्त पापणीही हलवता येत नव्हती.

तिचा श्वास पूर्ण बंद झाला होता, दादाचा एकदाही बंद झाला नव्हता.

डॉक्टरबाईंनी पहिल्याच दिवशी दोन प्रश्न विचारले होते, बिडी किती ओढतो आणि रक्त किती आहे. मला वाटलं फॉर्म भरत असतील. बिडी ओढणाऱ्याच्या रक्तात हाच गॅस आधीच थोडा बसलेला असतो, म्हणजे दहा बंड्यांतली एखादी अडकलेलीच. आणि अंगात रक्तच कमी असेल तर मुळात बंड्याच कमी. आमच्याकडे बायांचं हिमोग्लोबिन आठ-नऊ असणं म्हणजे कुणी बातमीही समजत नाही. वरून सिकलसेल, रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकायचा जन्मजात आजार. माझ्या मामेबहिणीच्या पोराला सहाव्या वर्षी सकाळी उठताना डावा हात उचलता येईना. विळ्यासारख्या पेशींनी मेंदूची नस तुंबली होती. विहीर नाही, धूर नाही, साप नाही.

फवारणीचं तर आमच्या जिल्ह्याला सांगायला नको. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली. त्यातल्या काही औषधांनी छातीत पाणी भरल्यासारखं होतं, आणि कधी माणूस बरा वाटायला लागल्यावर दोन-तीन दिवसांनी श्वासाचे स्नायू थकतात. पंप दुरुस्तीला घेऊन आलेल्या माणसाला मी एवढंच सांगतो की घरी आणलेल्या पेशंटला उशीवरून मान उचलता येते का पाहत जा. येत नसेल तर गाडी काढा, सकाळची वाट पाहू नका.

पण ज्या गोष्टीवरून माझं घरात भांडण झालं ती यापैकी कुठलीच नाही. २०१५ च्या डिसेंबरात माझी पोरगी झाली. बायको माहेरी. मी पाचव्या दिवशी गेलो तर खोलीचं दार बंद, खिडकीला पोतं, आणि बाजेखाली शेगडी. कोळसे लालभडक, धूर अजिबात नाही. बायको म्हणाली, सकाळपासून डोकं दुखतं आणि मळमळतं. माझ्या पोटात गोळाच आला. मी काही न बोलता पोतं ओढून काढलं, दार सताड उघडलं आणि शेगडी चिमट्याने धरून अंगणात नेऊन ठेवली.

सासूबाई धावत आल्या. "जवाईबापू, हे काय करून रायले? बाळंतिणीले वारा लागन! धूर तं नाई ना, कोळसे पेटवूनच आणले मी."

धूर नाही हेच तर. धूर असता तर डोळे चुरचुरले असते, खोकला आला असता, दार कुणीतरी उघडलं असतं. लाल कोळशाची शेगडी गुपचूप काम करते. पाच दिवसांची पोर, आणि आईचं रक्त साडेआठ. तान्ह्या पोराच्या रक्ताला हा गॅस मोठ्या माणसापेक्षाही लवकर धरतो. मी हे सगळं भराभर सांगायला गेलो आणि काहीच्या बाही बोललो. सासूबाई दोन दिवस माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. तोडगा सासऱ्यांनी काढला. शेगडी अंगणात, तिच्यावर तवा, तव्यावर फडकी गरम करायची आणि आत आणून शेक द्यायचा. खिडकी वीतभर उघडी. शेक मिळाला, कुणाची मान खाली गेली नाही. बायकोचं डोकं संध्याकाळपर्यंत उतरलं.

आता विहिरीचं. ते इंजिन मी भंगारात दिलं. कुणी कितीही पैसे देऊ केले तरी विहिरीच्या आत इंजिन मांडून देत नाही. पाणबुडी मोटर टाका, नाहीतर सोलरचा अर्ज भरा, मी कागदं लावून देतो. पण मोटर काढायला, गाळ काढायला विहिरीत उतरावं लागतंच, ते माझं पोटच आहे. म्हणून मी उफणणीचा जुना पंखा घेतला, त्याच्या तोंडाला पत्र्याचं नरसाळं आणि पुढे ड्रिपवाल्याकडून आणलेला रुंद प्लास्टिकचा चपटा पाइप. पंखा वर, पाइपाचं टोक तळाशी. आधी अर्धा तास हवा मारतो, मग मी उतरत असेपर्यंत आणि वर येईपर्यंत तो चालूच. कंदील सोडतो, सवय म्हणून, पण त्याचं ऐकत नाही. दोर छातीला, वर दोन माणसं, दोघांनाही एकच ताकीद: मी बोललो नाही तर ओढा, खाली उतरू नका.

आणि दादा येतो. विहिरीच्या काठापासून दोन हातावर बसतो आणि हाका मारतो. मी खालून ओ देतो. ओ दिलेली तो विसरतो. मिनिटभराने पुन्हा हाक मारतो.

परवा बाजूच्या गावात मोटर अडकली होती, वीस-पंचवीस मिनिटं खाली होतो. विहिरीचा मालक वैतागला. "कितीकदा हाक मारून रायले हे? आताच तं बोलला ना तो!" दादाने त्याच्याकडे पाहिलं असावं, मला खालून दिसत नव्हतं. मग काठावरून पुन्हा माझं नाव आलं, आधीच्यापेक्षा मोठ्याने.

"हाव दादा," मी म्हटलं, आणि पाना नटाला लावला.